ओटीत भरलेला रोग

कॉम्प्युटरची ओटी भरणारी बाई जगात एकच झाली असेल, आणि ती मी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे तशी जागा कमी आहे.

ओटी म्हणजे खण-नारळ नव्हे. माझ्याकडे दुरुस्तीला आलेली मशीन घरी परत जाताना रिकामी जाऊ नये, असं मला फार वाटायचं. काम झालं, धूळ पुसली, की शेवटी मी तिच्या पडद्यावर ‘ओटी’ नावाचा एक फोल्डर ठेवून द्यायचे. त्यात मराठी टायपिंगचे फॉन्ट, म्हणजे अक्षरांचे संच, टायपिंगचा सराव करून घेणारा एक छोटा प्रोग्राम, गणपतीची चित्रं, आणि घरातल्या बायकांसाठी रांगोळीचे नमुने. हे सगळं माझ्या एका लाल पेनड्राइव्हमध्ये असायचं. त्याला दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधलेला. पिंप्राळ्यात लोक म्हणायचे, लोंढेबाईंकडे नेलं की कॉम्प्युटर माहेरपण करून येतो. हे वाक्य माझ्या कानावर यावं म्हणून मी भाजीच्या गाडीजवळ उगाच रेंगाळायचे, हे आज कबूल करते.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, महिलांनी या क्षेत्रात कसं यावं त्यावर काहीतरी प्रेरणादायी लिहा. कसं यावं ते मला ठाऊक नाही. मी आले ती मागच्या दाराने. लग्नानंतर धुळ्यात मी टंकलेखनाचा वर्ग चालवायचे. दहा टाइपरायटर, दोन बॅचा, खिडकीतून रस्त्यापर्यंत जाणारी खडखड. पुढे यजमानांची बदली जळगावला झाली, तेव्हा यंत्रं, पाटी आणि संसार एकाच ट्रकमध्ये घालून आम्ही पिंप्राळ्यात आलो. मग टाइपरायटर भंगारात गेले आणि पंचेचाळिसाव्या वर्षी मी कॉम्प्युटर शिकले. शिकले म्हणजे किती? ज्याला काहीच येत नाही त्याच्यासमोर हुशार दिसण्यापुरतं. तेवढ्यावर माझी पंधरा वर्षं झकास गेली.

त्या काळातली लोंढेबाई आज समोर आली, तर मी तिला ओळख दाखवणार नाही. चष्म्याला साखळी, हातात डॉक्टरसारखी काळी बॅग, दर दोन वाक्यांमागे एक इंग्रजी शब्द. गिऱ्हाइकाच्या घरी गेली की आधी हात धुवायची. का? तर डॉक्टर धुतात म्हणून. मग मशीन चालू करून ‘हं... हं...’ करायची, आणि घरातली चार माणसं श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघायची. नवऱ्याने आयुष्यात कधी एवढं लक्ष दिलं नव्हतं, मग बाई चढणार नाही तर काय?

या धंद्यात ‘व्हायरस’ या शब्दाने फार घोळ घातले. व्हायरस म्हणजे कोणीतरी मुद्दाम लिहिलेला खोडसाळ प्रोग्राम, इतकं साधं आहे. पण शब्द रोगाचा, म्हणून लोक उपायही रोगाचे करायचे. एका बाईंनी घरात गोवर आल्यावर कॉम्प्युटरला चादर पांघरून वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, एकाचं दुसऱ्याला लागू नये म्हणून. भडगावच्या एका आबांनी मशीन आणली ती लिंबू-मिरची बांधून. मी सोडायला गेले तर सोडू देईनात. म्हणाले, ‘बाई, तुम्ही आतून करा, हे बाहेरून करू द्या.’ मी पदर तोंडाला लावून हसले. बॅगेत काळा दोरा बांधलेला पेनड्राइव्ह असलेली मी.

साफ करायची रीत अशी. घाण सुरू असेल तर आधी ती थांबवायची. मशीन उठताना जे प्रोग्राम आपसूक उठतात, त्यांच्या यादीत घुसलेलं नाव शोधून काढायचं. मग मूळ फाइल पुसायची आणि अँटिव्हायरस नावाचा पहारेकरी दारात बसवायचा. एवढं करून जमलं नाही तर फॉरमॅट. फॉरमॅट म्हणजे घरात ढेकूण झाले म्हणून माणसांच्या सामानासकट घर रिकामं करणं. चांगला कारागीर तिथपर्यंत जात नाही. लोंढेबाई फार लवकर जायची. ‘फॉरमॅट मारते’ असं म्हणताना तिला जो आनंद व्हायचा, तो आठवला की मला आजही स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

आता युसूफभाऊ.

युसूफभाऊ धुळ्याचे. पाट्या रंगवायचे, म्हणून ‘पेंटर’ हेच त्यांचं आडनाव होऊन गेलं होतं. शाळेत उर्दू शिकलेले, घरी हिंदी, रस्त्यावर अहिराणी, आणि हातात देवनागरी. अशी देवनागरी मी छापखान्यातही पाहिली नाही. किराणा, सायकल, दवाखाना, गिरणी, जुन्या धुळ्यातल्या कितीतरी पाट्या त्यांच्या. त्यांचा ‘क’ जेवून उठल्यासारखा पोटभर असायचा, आणि ‘श’ मान वळवून गिऱ्हाइकाकडे बघायचा. माझ्या वर्गाची पाटीही त्यांचीच. पत्र्यावर निळ्या रंगात पिवळी अक्षरं: ‘लोंढे टंकलेखन वर्ग’. ती रंगवताना आडनावापाशी त्यांचा ब्रश थांबला होता. इतकी वर्षं पाट्या रंगवतोय, पण ‘ढ’ अजून कोणी मागितला नव्हता, असं म्हणाले. मी म्हटलं, ‘आमच्या आडनावातच ‘ढ’ आहे भाऊ, वर्गात एकही ठेवणार नाही.’ ते खूप हसले आणि ‘ढ’ त्यांनी सावकाश काढला, खालची गाठ आत वळवून पुन्हा बाहेर आणलेला. रस्त्यावरून बघितलं तर सगळ्या पाटीत तोच आधी दिसायचा.

मग फ्लेक्स आला. एका तासात पाटी छापून मिळायला लागल्यावर ब्रशवाल्याकडे कोण थांबतं? युसूफभाऊंची मुलगी नसीम, बारावी झालेली, शहाणी. तिने घरातच एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि फ्लेक्सची डिझाइनं करायला लागली. डिझाइन करायचं, पेनड्राइव्हमध्ये घालायचं, फ्लेक्सच्या मशीनवाल्याकडे नेऊन द्यायचं. तिनेच पाहिलं की सगळ्या गावाचे फ्लेक्स एकाच साच्यातल्या अक्षरांचे आहेत. अब्बांच्या अक्षरांचा फॉन्ट केला तर? बटण दाबलं की अब्बांचा ‘क’ उमटेल. तसं काम धुळ्यात दुसऱ्या कोणाकडे नसेल.

घाई होती, कारण युसूफभाऊंचा उजवा हात थरथरायला लागला होता. सकाळी थोडा कमी, दुपारनंतर जास्त. म्हणून नसीम त्यांना रोज सकाळी खिडकीत बसवायची आणि बटर पेपरवर एक-दोन अक्षरं काढून घ्यायची. बिघडलं तर उद्या पुन्हा. स्वर, व्यंजनं, जोडाक्षरं, आकडे. कित्येक महिने हे चाललं. सगळे कागद तिने स्कॅन करून कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये ठेवले. फोल्डरला नाव दिलं ‘हात’. शेवटचा आकडा काढून झाला त्यानंतर युसूफभाऊंना चहाची बशीसुद्धा धरता येईना. म्हणजे त्यांचा हात आता फक्त त्या फोल्डरमध्ये होता.

मी पहिल्यांदा गेले ती वेगळ्याच कामाला. मशीन चालू होईना म्हणून त्यांनी फोन केला. जुनी ओळख, म्हणून मी बसने पारोळा मार्गे धुळ्याला गेले. वीज आत घेणारा डबा जळाला होता, तो बदलला. कपाटावर बटर पेपरचं एक जाड भेंडोळं दोरीने बांधून ठेवलेलं दिसलं. हे काय म्हणून विचारलं तर नसीमने सगळं सांगितलं, ‘हात’ उघडून दाखवला. मी एकेक अक्षर पाहिलं. माझा ‘ढ’सुद्धा होता. आणि मग लोंढेबाईने आपलं ज्ञान पाजळलं. म्हणाली, ‘आता हे कागद कशाला जपता? कागदाला वाळवी लागते. कॉम्प्युटरला नाही लागत.’

दुसरी एक प्रत सीडीवर काढून ठेव, एवढं साधं वाक्य माझ्या तोंडातून आलं नाही. वाळवीचं मात्र आलं. त्याच वर्षी ईदच्या आधीच्या साफसफाईत ते भेंडोळं बाहेर गेलं.

निघताना मी ओटी भरली, हे सांगायला नकोच.

महिन्याभरात पुन्हा फोन. नसीमच्या पेनड्राइव्हमधले फोल्डर बिघडले होते. त्यांच्या चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण आला होता, आणि उघडायला गेलं की मशीन अडखळायची. हा रोग तेव्हा सगळीकडे होता. आमच्यात त्याला बाणवाला म्हणायचे. मी गेले, शोधलं, काढलं, पहारेकरी बसवला, ओटी भरली, परत आले. पुन्हा फोन. आता बाण डी ड्राइव्हपर्यंत गेले होते.

तिसऱ्या खेपेला मी धुळ्याला पोचले ती चिडूनच. दोनदा बरा केलेला रोगी तिसऱ्यांदा आजारी पडला की डॉक्टरला रोगाचा राग येत नाही, रोग्याचा येतो. मी पहारेकऱ्याला नीट कामाला लावलं. त्याने बाणवाल्याचा प्रोग्राम शोधून मारला. पण त्यानंतर बाणांवर क्लिक केलं तर काहीच उघडेना. ‘हात’वर क्लिक केलं. असं काही इथे नाही, असं उत्तर आलं. एकेक करत मी ते मेलेले बाण पुसले. डी ड्राइव्ह पांढराफटक.

मी चष्मा काढून साखळीवर सोडला आणि जाहीर केलं, व्हायरसने सगळं खाल्लं आहे. आता फॉरमॅट.

नसीम माझ्या खुर्चीच्या मागे उभी होती. तिने वाकून पडद्यावर बोट ठेवलं.

‘बाई, डी ड्राइव्ह रिकामा आहे, तर मग इथे भरलेला का दाखवतो?’

हा प्रश्न मी इथे तसाच्या तसा लिहिते आहे, कारण माझ्या सगळ्या धंद्यात इतका नेमका प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारला नाही. रिकाम्या डब्याचं वजन का लागतं, एवढंच ती विचारत होती. कोणीही थांबलं असतं. निदान डबा हलवून बघितला असता.

मी म्हणाले, ‘तो व्हायरसचा फुगवटा आहे. तुला नाही कळायचं.’

युसूफभाऊ खाटेवर बसले होते, उजवा हात डाव्याने धरून. ते अहिराणीत म्हणाले, ‘बाई, त्यामा मना हात शे.’ त्यात माझा हात आहे.

मी काय म्हटलं असेन? आवाजात गोडवा आणून, डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात तसं मी म्हटलं, ‘भाऊ, हात गेला. आता बाकीचं शरीर वाचवू या.’ आणि मला ते वाक्य आवडलं. जळगावला परत जाताना बसमध्ये ते मी मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

फॉरमॅट झाला. तोसुद्धा वरवरचा नाही. मी डिस्कचे सगळे भाग मोडून नव्याने पाडले, पुन्हा कुठे अंश राहू नये म्हणून. निघताना युसूफभाऊंनी विचारलं, हा रोग आमच्याच घरात पुन्हा पुन्हा येतो कुठून? इथे मला म्हणता आलं असतं की कळत नाही. पण ‘कळत नाही’ हे तीन वेळा आलेल्या डॉक्टरने कसं म्हणायचं? मी म्हणाले, इंटरनेटवरून येतो, पोरीबाळी काय काय बघतात, जरा लक्ष ठेवा.

नसीम शांतपणे म्हणाली, ‘आमच्याकडे नेट नाही, बाई.’

खरंच नव्हतं. तीन वेळा त्या टेबलाशी बसून मला ते दिसलं नव्हतं. आता माघार घ्यावी की नाही? लोंढेबाईने घेतली नाही. ती म्हणाली, ‘मग पेनड्राइव्हमधून. ही तो घेऊन कुठे कुठे जाते, ते विचारा.’

मी पेनड्राइव्हबद्दल बोलत होते. पण जे वाक्य झालं ते तेवढंच राहिलं नाही. युसूफभाऊंनी मुलीकडे पाहिलं, मुलीने माझ्याकडे, आणि मी माझ्या बॅगेकडे. त्यातून लाल पेनड्राइव्ह काढून मी तिसऱ्यांदा ओटी भरली.

पुढे ऐकलं की नसीमचं फ्लेक्सवाल्याकडे जाणं त्या दिवसापासून बंद झालं. पेनड्राइव्ह घेऊन युसूफभाऊ स्वतः जायचे, चालत. ज्याच्या हातात कप राहत नाही तो माणूस ती बोटाएवढी वस्तू शर्टाच्या खिशात घालून, खिसा दाबून धरून जायचा.

त्यानंतर काही महिन्यांनी रावेरकडचे एक केळीवाले नाना नवी कोरी मशीन घेऊन माझ्याकडे आले. खोकं माझ्यासमोर फोडलं. नातीसाठी मराठी टायपिंग घालून हवं होतं. कोणाचा हात लागलेला नाही, नेट नाही, दुसरा पेनड्राइव्ह नाही. मी कौतुकाने ओटी भरली आणि चहा टाकायला उठले. परत येऊन बघते तर ‘ओटी’च्या कोपऱ्यात वाकडा बाण.

नानांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘काय हो बाई, नवी नवरी उंबऱ्यातच आजारी पडली का?’

मी खाली बसले. चहा उतू गेला तो गेलाच.

गोष्ट अशी होती. मराठीचे चांगले फॉन्ट तेव्हा विकत घ्यावे लागायचे आणि त्यांना कुलूप असायचं. माझ्याकडे होते ते चोरीचे, कुलूप तोडणाऱ्या एका चोरकिल्लीसकट. ती किल्ली लावताना अँटिव्हायरस पाच मिनिटं बंद करावा लागायचा. पहारेकऱ्याला पाच मिनिटं चहाला पाठवायचं, तेवढ्यात फॉन्ट आत घ्यायचे, मग त्याला परत बोलवायचं. धंद्यातले सगळेच असं करायचे. त्या किल्लीबरोबर दुसरं कोण आत येतं, ते बघायला पहारेकरी जागेवर नसायचा. माझ्या स्वतःच्या मशीनवर तर मी त्याला कायमचाच चहाला पाठवलेला. सारखा हटकतो म्हणून. युसूफभाऊंकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांची मशीन ठणठणीत होती. रोग मी नेला. मग दोनदा काढला आणि दोनदा परत घातला, काळा दोरा बांधून.

एवढ्यावर भागलं नाही. नानांची मशीन साफ करायला मी चाळीसगावच्या एका सुट्या भागांच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, अक्का, बाणवाला काही खात नाही. खरे फोल्डर फक्त लपवतो आणि त्यांच्या जागी बाण उभे करतो; एक ओळ सांगतो, कमांड द्यायच्या काळ्या पडद्यावर टाइप करा. मी केली. एक ओळ. एका बोटाने टाइप करणारासुद्धा अर्ध्या मिनिटात करेल, आणि मी तर टंकलेखनाची मास्तरीण. पडद्यावर पिवळे फोल्डर एकेक करून परत आले, लपाछपीतून पोरं बाहेर यावीत तसे.

मग मला नसीमचं बोट आठवलं. रिकामा आहे तर भरलेला का दाखवतो? कारण भरलेला होता. मी फॉरमॅटचं बटण दाबलं तेव्हा ‘हात’ तिथेच होता, पडद्यामागे, सगळ्या अक्षरांसकट.

त्या आठवड्यात मी वहीतल्या एकूण एक गिऱ्हाइकाला फोन केला. खरं कारण सांगितलं असेल असं समजू नका. नवीन औषध आलंय, फुकट साफ करून देते, असं सांगितलं. लोक म्हणाले, बाई किती काळजी घेतात. लाल पेनड्राइव्ह मी फोडून टाकला. ओटी बंद झाली. फक्त एक फोन केला नाही. धुळ्याचा नंबर वहीत ‘य’च्या पानावर होता. मी ‘म’पर्यंत फोन करून वही ठेवली, दुसऱ्या दिवशी ‘र’पासून सुरुवात केली. कारणं होती माझ्याकडे. आता सांगून अक्षरं थोडीच परत येणार आहेत? म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं? कारणं काय, हवी तेवढी मिळतात. दोन वर्षांनी युसूफभाऊ गेल्याचं कळलं. तेव्हाही मी गेले नाही. गुडघे दुखत होते. तेही खरंच होतं म्हणा.

गेल्या वर्षी दुपारी दारात एक बाई उभी. अंगावर दुपट्टा, खांद्याला बॅग, कानापाशी केस पांढरे होऊ लागलेले. ‘मी नसीम, धुळ्याची,’ म्हणाली. मी पाणी दिलं.

तिने सांगितलं ते असं. लग्न धुळ्यातच झालं, डिझाइनचं काम चालू आहे. अब्बा गेल्यावर तिने त्यांच्या पाट्या शोधायला सुरुवात केली. जिथे जिथे जुना पत्रा किंवा भिंत उरली आहे, तिथे जायचं आणि अक्षरांचे फोटो काढायचे. ‘क’ पिठाच्या गिरणीवरून, ‘श’ एका शिवणाच्या दुकानावरून, ‘औ’ बंद पडलेल्या औषधालयावरून. बरीच वर्षं लागली. सगळा फॉन्ट झाला. एकच अक्षर मिळेना, आणि त्याच्याशिवाय फॉन्ट चालेना, कारण फ्लेक्सचा अर्धा धंदा वाढदिवसांचा. अब्बांच्या काळी कोणी वाढदिवसाच्या पाट्या रंगवत नव्हतं. ढाबे होते, पण त्यांच्या पाट्या थंड पेयवाले छापून द्यायचे.

‘‘द’वरून करून पाहिला,’ ती म्हणाली. ‘पण त्यांच्या ‘ढ’ची गाठ वेगळी होती. मग आठवलं, तुमच्या पाटीत ‘ढ’ आहे.’

पाटी मी कधीच उतरवली होती. कॉम्प्युटरचा धंदा सुरू केल्यावर मीसुद्धा फ्लेक्स लावला. तेही सांगून टाकते, म्हणजे यादी पूर्ण होईल. पत्रा मागच्या अंगणात पाण्याच्या मोटारीवर ऊन लागू नये म्हणून आडवा टाकलेला. आम्ही दोघींनी तो उचलला. ‘टंकलेखन वर्ग’ गंजाने खाल्लं होतं. ‘लोंढे’ शिल्लक होतं.

नसीमने ओल्या फडक्याने ‘ढ’ पुसला. मोबाइलवर फोटो काढले. मग बॅगेतून बटर पेपर काढला, पत्र्यावर टेकवला आणि पेन्सिलने अक्षर उतरवून घेतलं. मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली, ‘आता कागदही ठेवते. दोन्हीकडे ठेवते.’

तेव्हा मी सांगितलं. पेनड्राइव्ह, चोरकिल्ली, लपलेला फोल्डर, सगळं. अंगणात उभ्याउभ्याच. ती कागदाची गुंडाळी करत होती, ती थांबली नाही.

‘माहीत आहे मला,’ ती म्हणाली.

‘कधीपासून?’

‘तुम्ही फॉरमॅट करून गेलात त्याच्या पुढच्याच महिन्यात पुन्हा बाण आले. तेव्हा पेनड्राइव्ह घेऊन अब्बा जात होते, आणि मशीनमध्ये तुमच्या ओटीशिवाय नवं काही नव्हतं. मी ओटी पुसली. पुन्हा कधी बाण आले नाहीत. त्या लपलेल्या फोल्डरचं नंतर एका क्लासमध्ये कळलं. फॉरमॅटनंतरही पुसलेलं परत काढता येतं, हेही तिथेच कळलं, पण तोवर मी डी ड्राइव्हवर नवी कामं भरली होती.’

‘युसूफभाऊंना सांगितलंस?’

‘सांगितलं ना.’ तिने गुंडाळीला रबर लावला. ‘ते म्हणाले, लोंढेबाई शिकवतात आणि तू शिकतेस. त्यांचं चुकायचं नाही.’

मी पत्र्यावरचं ओलं फडकं उचललं. तीच पुढे म्हणाली, ‘तुम्ही एक फोन केला असता, बाई, तर त्यांनी माझं ऐकलं असतं.’

आवाज चढलेला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं, तसा होता. मी थांब म्हटलं, जेवून जा म्हटलं. परतीची बस आहे म्हणाली. बायकांना घरून रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, म्हणून मी सवयीने नारळ आणायला आत वळले, आणि अर्ध्या वाटेत लाज वाटून तशीच परत आले. तोवर ती फाटकाशी पोचली होती.

फॉन्ट झाला असं नंतर एका जुन्या विद्यार्थिनीकडून कळलं. नसीमने मला तो पाठवला नाही. मी मागितला नाही. मागायला लागणारं तोंड माझ्याकडे नाही.

परवा एका लग्नासाठी धुळ्याला जाणं झालं. रिक्षा एका चौकात अडली. समोर कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स, भाऊ गॉगल लावून आकाशाकडे बघताहेत, आणि वर पिवळ्या अक्षरांत शुभेच्छा. तो ‘श’ शिवणाच्या दुकानाचा, मान वळवलेला. आणि ‘वाढदिवस’ मधला ‘ढ’, गाठ आत वळवून बाहेर आणलेला, दुरून सगळ्यांत आधी दिसणारा. शेजारी बसलेल्या नातीने विचारलं, आजी, काय बघतेस एवढं? मी म्हटलं, काही नाही गं, ओळखीचं आहे कोणीतरी.

तुम्ही कधी धुळ्याला गेलात आणि तसा फ्लेक्स दिसला, तर भाऊंकडे बघू नका, ‘ढ’कडे बघा. बाकी सगळी अक्षरं युसूफभाऊंची. ‘ढ’ तेवढा माझा.